बिनमुदतीचा नवस

आमच्या रोह्याजवळच्या वरसेच्या घरात गजराचं घड्याळ कधी आलं नाही, कारण त्याची गरजच कुणाला पडली नाही. माझे वडील, त्यांना आम्ही घरातले सगळेच भाऊ म्हणायचो, पहाटे पडवीत गोणपाट अंथरून बैठका काढायचे आणि दर दहा बैठकांमागे एक चिंचोका जर्मनच्या वाटीत टाकायचे. टण. दोनशे बैठकांचे वीस चिंचोके. घरातला सकाळचा सगळा कारभार त्या आवाजावर चालायचा. सहाव्या चिंचोक्याला आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची, दहाव्याला भाकरीची उकड काढायची आणि पंधरावा पडला की माझं पांघरूण ओढायची. वीस झाले की भाऊ जोर काढायला लागायचे, तेव्हा मात्र आवाज फक्त श्वासाचा. मोठी ताई लग्न होऊन कोलाडला गेली होती. ती माहेरी आली की कुरकुरायची, सासरी म्हणे तिला पहाटे जागच येत नाही, तिथे नुसतं घड्याळ वाजतं.

भाऊंना हे वेड पेणला लागलं होतं. लहानपणी ते मामाकडे राहून तिथल्या एका पोह्यांच्या गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या मागेच तालीम होती. दिवसभर भट्टीजवळ भात भाजायचा आणि संध्याकाळी लाल मातीत उतरायचं. पुढे रोह्याजवळ धाटावला कंपन्या आल्या, भाऊ एका कंपनीत लागले, शिफ्ट सुरू झाल्या, पण बैठका सुटल्या नाहीत. नाइट करून आले तरी आधी गोणपाट, मग पेज. ती पेजसुद्धा बघण्यासारखी असायची. मोठं ताट भरून लालसर तांदळाची पेज, वर मिठाचे खडे, शेजारी निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. आई म्हणायची, या माणसाला जेवायला घालणं म्हणजे कणगीला भोक पडल्यासारखं आहे, पण वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. मला भाऊंच्या दंडाला लोंबकळायला फार आवडायचं. मी चांगली नववीत जाईपर्यंत लोंबकळत होते, आणि त्या वयाच्या मुलीने असं करू नये हे शेजारणींनी सांगितल्यावरही आठवडाभरच थांबले.

मग एका सकाळी कंपनीत जिना चढताना भाऊंच्या छातीत कळ आली. माणसांनी खुर्चीत बसवून खाली आणलं, दवाखान्यात नेलं, आणि सतरा दिवसांनी ते घरी आले तेव्हा त्यांचा सदरा त्यांना मोठा होत होता. डॉक्टर वयस्क होते, स्पष्ट बोलणारे. त्यांनी आईला आणि मलाही समोर बसवून सांगितलं की जोर-बैठका कायमच्या बंद, मीठ निम्म्याहून कमी, आणि रोज सकाळी पाऊण तास चालायचं. पळायचं नाही, दमायचं नाही, बोलता येईल इतक्या बेताने चालायचं. हृदय एकदा दुखावलंय, दुसऱ्यांदा ऐकायचं नाही, हे त्यांनी भाऊंकडे बघून म्हटलं. भाऊंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर आईला म्हणाले, "चालणं काय व्यायाम हाय? बैल पण चालतो." घरी पडवीतलं गोणपाट आईने गुंडाळून माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे इतकी शांतता होती की तिचं दूध उतू गेलं, आणि तिसऱ्या दिवशीही गेलं.

आता चालण्याची गोष्ट. मी आता राहते त्या पेणला हल्ली सकाळी बाहेर पडलं की निम्मं गाव बूट घालून हात हलवत चाललेलं दिसतं, त्यामुळे माझ्या नातवंडांना हे पटणार नाही. पण तेव्हा आमच्याकडे माणूस चालायचा तो कुठेतरी जायला. आणि ओळखीचा माणूस पायी दिसला की गाडीवाल्याने थांबायचंच. न थांबता पुढे गेलात तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अमक्याला मस्ती आली. तसंच, थांबलेल्या गाडीवर न बसणं म्हणजे त्या माणसाशी बोलणं टाकल्यासारखं. भाऊ पहिल्या दिवशी रोह्याच्या दिशेने निघाले. दोनशे पावलांवर सलीमभाईंची लुना थांबली. सलीमभाई आमच्या पलीकडच्या आळीतले, रोह्याच्या बाजारात त्यांचं तांदळाचं आणि सुक्या मासळीचं दुकान. त्यांचे दोघे भाऊ कुवेतला, हे एकटे इथे राहिले, कारण, त्यांच्याच शब्दांत, तिकडे बोलायला माणूस नाही. त्यांनी भाऊंना मागे बसवलं, दुकानात चहा पाजला, दोन चमचे साखर घालून. परतताना कंपनीची बस दिसली, ड्रायव्हरने ती थांबवली आणि आतल्या सगळ्यांनी भाऊंना नावाने हाक मारून वर घेतलं. पाऊण तास चालायला गेलेला माणूस वीस मिनिटांत घरी आला तो ताजातवाना. आईला आधी बरं वाटलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी वजन केलं तर दोन किलो वाढलेलं. मग आईने माझी नेमणूक केली. शाळा रोह्यातच होती, ती उशिरा भरायची. मी भाऊंबरोबर जायचं आणि त्यांना चालत न्यायचं. फरक एवढाच झाला की आता सलीमभाई मलाही पुढे उभी करून घ्यायचे.

भाऊंना हे सगळं मनातून मान्यच नव्हतं. त्यांना वाटायचं की आपण आतून वितळत चाललोय. आरशासमोर उभे राहून ते स्वतःच्या दंडाला चिमटा काढायचे आणि मी बघतेय हे दिसलं की सदरा ओढून घ्यायचे. एका पहाटे मला जाग आली ती कशाने, ते आधी कळेना. मग कळलं. टण नव्हतं, पण दबकी टक होती. मी मागच्या दाराने गेले. कपडे धुवायच्या दगडाजवळ भाऊ बैठका काढत होते, आणि आवाज होऊ नये म्हणून वाटीत चिंधी घातलेली होती. पाचवा चिंचोका टाकून ते खाली गेले आणि वर आलेच नाहीत. दगडाला धरून तिथेच बसले. तोंड राखाडी झालं होतं, कपाळावर घाम. मी धावले. त्यांनी हाताने गप्प राहायला सांगितलं, पाणी मागितलं, आणि श्वास आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे की आईला सांगायचं नाही. मी कबूल केलं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही, माझ्या मुलाच्या बाळंतपणातही नाही. मला सारखं दिसत होतं की पुढच्या वेळी मला जाग येणार नाही आणि ते दगडाजवळ तसेच राहतील.

त्याच दिवशी शाळेत जाताना मी सलीमभाईंच्या दुकानात शिरले. ते जवळा चाळत होते. मी एका दमात सांगितलं की उद्यापासून भाऊंना गाडीवर बसवू नका. त्यांचा हात थांबला. माझं काय चुकलं, म्हणाले, आणि त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला डॉक्टरांचं सगळं सांगावं लागलं. पण त्याने उलटंच झालं. सलीमभाई भडकले. दुखण्यातून उठलेल्या माणसाला उन्हातान्हात चालवता, घरात कुणाला अक्कल आहे का नाही, हा कुठला डॉक्टर, मीच त्याला विचारतो, आणि उद्यापासून मी घरापासूनच त्याला बसवून आणतो. ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो धुण्याचा दगड होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "त्यांनी नवस बोललाय. देवळापर्यंत अनवाणी चालायचा."

सलीमभाईंनी हातातली चाळणी खाली ठेवली. "मन्नत हाय? मग अगोदर सांगायचं ना गो," ते म्हणाले. "मन्नतीच्या माणसाला गाडीवर बसवला तर त्याचा गुना माझ्या गळ्यात." आणि त्यांनी कानाला हात लावले. मी शाळेत पोचायच्या आत बाजारात बातमी पोचली असणार, कारण संध्याकाळी घरी येताना एका फुलवालीने मला थांबवून विचारलं की तुझ्या बापाचा नवस कसला.

आता अनवाणी म्हटलंय तर अनवाणी दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाऊंच्या चपला भाताच्या कणगीत पुरल्या. भाऊंनी सगळीकडे शोधल्या, कुत्र्याच्या नावाने चार शिव्या घातल्या आणि तसेच निघाले. मी परीक्षेसाठी देवळात जायचंय असं सांगून त्यांना धावीर महाराजांच्या देवळापर्यंत नेलं. वाटेत एक गाडी थांबली नाही. सलीमभाई समोर आले, लुना बंद करून बाजूला उभे राहिले, आणि भाऊ पुढे जाईपर्यंत नुसती मान लववून राहिले. कंपनीच्या बसने वेग कमी केला, आतून कुणी हाक मारली नाही, दोघा-तिघांनी हात जोडले. मी मनात म्हटलं, जमलं. पण दोन-तीन दिवसांत बघते तर भाऊ खचत चाललेले. त्यांना नवसाची काही कल्पना नव्हती. त्यांना एवढंच दिसत होतं की ज्या गावात आपल्याला चार पावलं चालू देत नव्हते तिथे आता कुणी थांबत नाही, कुणी बस म्हणत नाही, सलीमसुद्धा बाजूला होतो. चौथ्या दिवशी रस्त्यातल्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकून ते मला म्हणाले की दुखण्याचा माणूस कुणाला नको असतो. मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं तर उद्या पुन्हा लुना, आणि परवा पुन्हा चिंधी घातलेली वाटी. मी जीभ आवरली. आज विचार करते तेव्हा त्या दिवसांबद्दल मला अजून वाईट वाटतं. माझ्या बापाला मी गावातून उठवल्यासारखं केलं होतं.

सहाव्या दिवशी देवळात गुरवाने बिंग फोडलं. त्याने भाऊंच्या हातावर तीर्थ दिलं आणि सहज विचारलं की नवस किती दिवसांचा बोललात, म्हणजे त्याप्रमाणे फेडायची तयारी करता येईल. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली. भाऊ गुरवाला म्हणाले की सांगतो नंतर. बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि मला शेजारी बसायला सांगितलं. मी मार खायच्या तयारीत होते. भाऊंनी मला कधी हात लावला नव्हता, पण देवाच्या नावाने खोटं बोलायचं नाही हा त्यांचा घरातला एकच कायदा होता.

"चपला कुठं हायत?"

"कणगीत."

ते बराच वेळ आपल्या तळव्यांना लागलेली माती चोळत राहिले. मी रडत रडत सगळं सांगितलं, धुण्याचा दगड, दुकान, सलीमभाईंनी कानाला लावलेले हात. सलीमभाईंचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. म्हणजे लोकांनी टाकलं नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा मला तेच विचारून घेतलं की सलीम नक्की काय म्हणाला. मग म्हणाले, "देवाकडं काय मागितलंस?"

"काय नाय मागितलं. खोटंच बोलले मी."

"मग जा, आता माग. येवढा चाललोय, फुकट जायला नको."

मी आत गेले. काय मागितलं ते सांगायची गरज नाही. बाहेर आले तर भाऊ उभे होते. त्यांनी विचारलं, सलीमला दिवस किती सांगितलेस. मी म्हटलं, दिवस सांगितलेच नाहीत. भाऊ हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदा पोटातून हसले. "गुंतवलंस गो मला, सुमे," ते म्हणाले, आणि आम्ही घराकडे चालू लागलो.

डॉक्टरांचं न ऐकणारा माणूस नवसाला मात्र बांधला गेला. आईला आम्ही खरं कधीच सांगितलं नाही. तिची शेवटपर्यंत समजूत होती की नवस भाऊंनीच बोलला, आणि तो आपल्यासाठी, घरासाठी बोलला, म्हणून ती हळदीकुंकवाला बायकांना अभिमानाने सांगायची. भाऊ तीन महिन्यांनी कामावर रुजू झाले, जिन्याच्या खात्यातून खालच्या खात्यात. चिंचोके पुन्हा उघडपणे बाहेर आले. भाऊ ते डाव्या खिशात घालून निघायचे आणि वाटेतल्या प्रत्येक मोरीला एक उजव्या खिशात टाकायचे. घरी आले की सगळे वाटीत ओतायचे, आणि आई तो आवाज ऐकून भाकरी तव्यावर टाकायची. तिचं दूध पुन्हा कधी उतू गेलं नाही. सलीमभाईंना भाऊंशी बोलल्याशिवाय करमेना, म्हणून ते रोज लुना हाताने ढकलत भाऊंच्या बरोबरीने दुकानापर्यंत चालू लागले. थंडीत शेतावर पोपटीची, म्हणजे शेंगा भाजायची, मडकी विस्तवात लागली की भाऊ स्वतःसाठी बिनमिठाच्या वालाच्या शेंगांचं वेगळं मडकं लावायचे आणि ते कुणी चाखून तोंड वाकडं केलं की म्हणायचे, नवसाचा माणूस आहे बाबा मी. पहाटेचा नेम सुटला नाही, फक्त त्याचं माप बदलत गेलं. मी लग्न होऊन पेणला आले तेव्हा ते देवळापर्यंत जात होते. सलीमभाई गेले त्या वर्षापासून नाक्यापर्यंत. आई गेल्यावर अंगणात फेऱ्या, दर फेरीला एक चिंचोका. मग पडवीत, भिंतीला धरून. शेवटी खाटेवर पडल्यापडल्या पाय उचलायचे, दर दहा वेळा एक, आणि चिंचोका वाटीत टाकायला माझा भाचा शेजारी बसायचा.

माझंही आता तेच चाललंय. गुडघ्यांमुळे जिने गेले, मग लांबचं चालणं गेलं, आता दवाखान्यातल्या मुलीने खुर्चीत बसून करायचे व्यायाम कागदावर लिहून दिलेत. सूनबाईंच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं आणि शाबासकी देतं. मी अजून चिंचोके वापरते.

भाऊ खाटेला खिळले त्या वर्षी मी त्यांच्याजवळ राहायला वरसेला गेले होते. एका सकाळी पाच-सहा वेळा पाय उचलून ते थांबले. मला जवळ बोलावलं. "सुमे, तू बोललीस, तूच फेड," ते म्हणाले. "माझ्यानं आता होत नाय." ते काय मागतायत ते मला लगेच कळलं आणि मी न कळल्यासारखं केलं. चार दिवस मी काही ना काही काढत राहिले, आज अमावास्या आहे, आज माझा गुडघा सुजलाय. खरं कारण एवढंच होतं की तो नवस चालू आहे तोवर भाऊ कुठे जाणार नाहीत असं मला वाटायचं. पन्नाशी कधीच ओलांडलेल्या बाईला असं वाटावं हे हसण्यासारखं आहे, पण वाटत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी चपला काढल्या आणि निघाले.

रस्ता ओळखू येत नव्हता, दोन्ही बाजूंना बिल्डिंगा झाल्यात. पाऊणएक वाट झाल्यावर एक गाडी थांबली. सलीमभाईंचा मुलगा, दुबईहून सुट्टीवर आलेला. आपा, या पायांनी कुठे चाललात, बसा. मी म्हटलं, नवस आहे. त्याने काही विचारलं नाही. गाडी बाजूला लावली आणि बापासारखाच मान लववून उभा राहिला. देवळात मी नारळ वाढवला. मागण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भाऊ इतकी वर्षं चालले तेवढंच देवाला सांगितलं. बाहेर आले तर तो मुलगा गाडी घेऊन पायरीशी थांबला होता.

घरी आले. भाऊंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हटलं, फिटला. त्यांनी तो तुकडा कपाळाला लावला.

"गेलीस ती चालत ना? कोणाच्या गाडीवर नाय बसलीस?"

"जाताना नाय बसले," मी म्हटलं. त्या वयातही त्यांच्यापुढे खोटं बोलवेना. "येताना बसले. सलीमभाईंच्या पोरानं सोडलं."

भाऊंनी वरच्या कौलांकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील.

"येतानाचं काय नाय," ते म्हणाले. "तू लगीन होऊन गेल्यावर येताना मीपण बसायचो. सलीमच्या मागं."